‘ह्यांनी बुलेट बुक केलीय आणि मला यू-टर्नची भीती वाटते’

ताई,

मी ४९ वर्षांची. माहेर मिरजेचं, सासर साताऱ्याचं. कॉलेजात असताना दादाची आरएक्स हंड्रेड चालवायचे. दादाला माहीत होतं, आईला माहीत होतं, बाबांना माहीत नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. सकाळच्या पहिल्या किकनंतरचा तो निळसर धूर, टू-टी ऑइलचा वास आणि टाकीला गुडघे लावले की जाणवणारी थरथर मला अजून आठवते. ती गाडी अजून दादाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली उभी आहे.

लग्नानंतर ह्यांची स्प्लेंडर ह्यांच्यापेक्षा मीच जास्त पळवली. २००९ च्या ऑगस्टमध्ये कोरेगाव रस्त्याला भुरभुर पाऊस होता, मागे सहा वर्षांची लेक. गतिरोधकाच्या आधीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर कुत्रं आडवं आलं, मी पायाचा ब्रेक सगळा दाबला आणि मागचं चाक घसरलं. मला खरचटलं, लेकीचा कोपर मोडला. दवाखान्यात सासूबाई एवढंच म्हणाल्या, “आता तरी बास कर.” चावी कुणी काढून घेतली नाही, मीच पुन्हा हात लावला नाही. पुढच्या वर्षी अ‍ॅक्टिव्हा घेतली, ती रोज चालवते.

यंदा ह्यांनी व्हीआरएस घेतली आणि मित्रांबरोबर बुलेटवर फिरायला लागले. रोज एकच धोशा: “तू मागे बसायचं नाहीस, माझ्या शेजारून चालवायची.” गेल्या महिन्यात मला न विचारता रॉयल एन्फिल्डची क्लासिक ३५० बुक करून आले. दिवाळीत चार जोडपी कुंभार्ली घाटाने गणपतीपुळ्याला जायचं ठरलंय. माझी उंची पाच फूट एक इंच. शोरूममध्ये बसून पाहिलं तर दोन्ही पायांचे चवडेच टेकले. ह्यांच्या गाडीवर दोनदा मैदानात चालवली. हे मागे बसून “क्लच, क्लच, अगं क्लच!” करत होते. सरळ जाते, पण यू-टर्नला पाय खाली येतो. एकदा लवंडलीच. तेव्हा हसले आणि घरी येऊन न्हाणीघरात रडले.

लेक म्हणते, “आई, मला त्या सगळ्यातली फक्त प्लास्टरवर मैत्रिणींनी काढलेली फुलं आठवतात.” सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्या काही बोलत नाहीत. मला खरंच चालवायचीय की ह्यांचा उत्साह मोडवत नाहीये, तेच कळेना. आणि या वयात जमतं का हो?

— स., सातारा

*

प्रिय स.,

तुमच्या पत्रातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय. इथे जागेअभावी पत्र कापावं लागलं, पण मूळ पत्रात आरएक्सवर दीड पान आहे आणि यजमानांवर अर्धं. जिला गाडी नको असते ती बाई टू-टी ऑइलच्या वासाबद्दल लिहीत नाही. तेव्हा चालवायची तुम्हालाच आहे. तुम्हाला नकोय ती दुसरीच गोष्ट: ती क्लासिक, ती तारीख, तो घाट आणि मागून येणारं ते “अगं क्लच”. चारही गोष्टी दुसऱ्याने ठरवलेल्या आहेत. म्हणून इच्छा कुठली आणि भीड कुठली, याचा गुंता झालाय.

आता त्या ऑगस्टकडे येते. बाकीचं सगळं त्याला बांधलेलं आहे आणि तुम्ही ते चार ओळींत उरकलंय.

गतिरोधकाआधीचे पांढरे पट्टे म्हणजे रस्त्यावर वितळवून ओतलेला जाड रंग. कोरडा असताना ठीक असतो, ओला झाला की साबण लावलेल्या फरशीसारखा. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं चाक हलकं होतं. अशा हलक्या झालेल्या चाकावर, ओल्या रंगावर, तुम्ही सगळा पाय टाकलात. ते चाक जाम झालं आणि बाजूला गेलं. पुढचा ब्रेक तुम्ही जवळजवळ वापरलाच नसणार, कारण आपल्या पिढीला गाडी शिकवणाऱ्या प्रत्येक दादाने, काकाने आणि मेकॅनिकने एकच सांगून ठेवलंय: “पुढचा ब्रेक दाबू नको, पालथी पडशील.” हा सल्ला उलटा आहे. गाडी थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. तो एकदम आवळायचा नसतो, हळूहळू दाब वाढवत न्यायचा असतो, आणि तोही गाडी सरळ उभी असताना.

म्हणजे त्या दिवशी काय झालं? एक चूक झाली, तिला नाव आहे, कारण आहे आणि ती सुधारण्याचा सराव आहे. “बाईने पोराला मागे घेऊन मोटरसायकल चालवली म्हणून” असं काही झालं नाही. तुमच्या जागी तुमचे यजमान असते आणि त्यांनी तोच पाय तसाच दाबला असता तर लेकीचा कोपर तसाच मोडला असता, फक्त दवाखान्यात त्यांना “आता तरी बास कर” असं कुणी म्हटलं नसतं. एक मात्र स्पष्ट लिहिते. लेकीच्या डोक्यावर तेव्हा हेल्मेट होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि न लिहिण्यातूनच मला कळलं. कोपरावर निभावलं, हे नशीब. ते मनात घोकत बसू नका, पण पुढे कुणाची नात मागे बसायला आली तर आठवा.

लेक फुलं आठवते म्हणते ना? मग विश्वास ठेवा तिच्यावर. बावीस वर्षांच्या मुली आईला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत नाहीत, उलटंच करतात.

दुसरा प्रश्न, जमतं का. जमतं, त्यावर फार शाई घालवत नाही. पुण्यात २०११ साली ‘बायकर्नी’ नावाचा बायकांचा मोटरसायकल गट सुरू झाला, तो पुढे देशभर पसरला. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात. पाडव्याच्या शोभायात्रेत डोंबिवलीपासून गिरगावपर्यंत नऊवारी, नथ आणि फेटा घालून बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो दर वर्षी छापून येतात. मला ते बघायला आवडतं, पण खरं सांगू, मला त्या फोटोतल्या बाईपेक्षा मंगळवारी दुपारी गाडी काढून गॅसचं बुकिंग करायला जाणारी बाई जास्त भावते. तिचा फोटो कुणी काढत नाही.

वयाचा मुद्दा डोळ्यांपुरता खरा. चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर खाली बघताना रस्ता किंचित हलल्यासारखा वाटतो आणि समोरचा दिवा रात्री फाकतो. सुरुवात करण्याआधी डोळे तपासून घ्या आणि पहिले काही महिने अंधार पडायच्या आत घरी या.

आता तुमच्या हातापायांबद्दल. तुम्हाला वाटतंय, सोळा वर्षांत सगळं विसरलात. मला उलटं वाटतं. तुमचं शरीर काहीच विसरलेलं नाही, अडचण तीच आहे.

स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे पडतात. पुढून दाबलं की वरचा गिअर, टाचेने मागे दाबलं की खालचा. तुमच्या डाव्या पायाला तेच माहीत आहे. क्लासिकला पहिला खाली आणि बाकी वर. म्हणजे चवड्याने पुढे दाबलंत की गिअर उतरतो आणि टाचेने दाबलंत की चढतो. लिव्हर दिसायला तसाच, दोन्ही बाजूंनी दाबायचा, आणि काम बरोबर उलटं. चौथ्यात जाताना सवयीने चवडा दाबलात की गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात येते, इंजिन ओरडतं, मागचं चाक हिसका देतं आणि यजमान मागून क्लचचा गजर करतात. क्लचची चूक नसतेच ती.

आणि डावा हात. गेली पंधरा वर्षं अ‍ॅक्टिव्हावर तो ब्रेक दाबतोय. कुणी आडवं आलं की तुमचा डावा पंजा आधी आवळला जातो, त्यात तुमचा विचार येतच नाही. मोटरसायकलवर तिथे क्लच आहे. क्लच दाबला की चाकाचा इंजिनशी संबंध सुटतो आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी घरंगळते. उजव्या पायाला तर ब्रेक नावाची वस्तू असते हेच तो विसरलाय.

म्हणून पहिले दोन आठवडे रस्ता नको. गाडी मेन स्टँडवर उभी करा, इंजिन बंद, आणि नुसतं बसून गिअरचा पाय आणि ब्रेकचा हात-पाय बसवा. रोज दहा मिनिटं. वर, वर, खाली, थांब. ओट्याशी उभ्या राहून पोळ्या लाटताना तोंडाने म्हटलंत तरी चालेल, मी म्हणायचे. एक करू नका: पुतण्याची जुनी स्प्लेंडर आणून सराव करू नका. हलकी म्हणून मोह होईल, पण त्याने जुनी सवयच पक्की होईल. मागायचीच असेल तर कुणाची पल्सर १५० किंवा एफझेड मागा. पहिला खाली, बाकीचे वर, आणि वजन दीडशे किलोच्या आत.

वजनावरून आठवलं. तुमची आरएक्स शंभर किलोच्या आसपास होती, स्प्लेंडर थोडी जास्त, तरी एकशेवीसच्या आतच. क्लासिक ३५० भरते १९५ किलो आणि सीटची उंची ८०५ मिलिमीटर. म्हणजे तुम्ही सोळा वर्षांनी परत येताय आणि तेही जवळजवळ पावणेदोनपट वजनाच्या गाडीवर, चवड्यांवर उभ्या राहून. त्यात मैदानात मागे एक प्रेमळ माणूस बसलेला, तोही सत्तर-ऐंशी किलोचा असणार. लवंडली नसती तर मला आश्चर्य वाटलं असतं.

यू-टर्नला पाय का खाली येतो, ते सांगते. तुम्ही पुढच्या चाकाकडे बघत असणार, आणि वळायच्या वेळी भीतीने रेस सोडून देत असणार. रेस सुटली की गाडीचा जोर जातो आणि जोर गेलेली गाडी वळणात उभी राहत नाही, आडवी होते. सायकलचंही तेच. आणि लवंडली तेव्हा उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबलात, हो ना? जुन्या गाड्यांचे पुढचे ड्रम ब्रेक इतके सौम्य होते की दाबले तरी विशेष काही व्हायचं नाही. आताची डिस्क दोन बोटांत पकडते. हँडल वळलेलं आणि गाडी चालायच्या वेगात असताना ती डिस्क पकडली की गाडी जागच्या जागी बसते. तिथे एबीएसही, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणाही, कामाला येत नाही.

तेव्हा असं करा. मैदानात चिखल असेल तर एखादं सिमेंटचं मोकळं आवार सुट्टीच्या दिवशी बघा. दोन विटा ठेवा, भरपूर अंतर सोडून. पहिला गिअर, रेस थोडीशी आणि एकसारखी, क्लच अर्धा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर अगदी हलका टेकवलेला. पुढच्या ब्रेकवरची बोटं काढून मुठीवर ठेवा, म्हणजे मोहच होणार नाही. आणि मान वळवा. नुसते डोळे फिरवून चालत नाही, हनुवटी खांद्यापर्यंत गेली पाहिजे, जिथून बाहेर पडायचंय तिकडे. पहिल्यांदा हे वेड्यासारखं वाटतं. सातव्या-आठव्या फेरीला गाडी आपोआप नजरेमागे येते आणि ते जाणवतं तेव्हा माणूस हेल्मेटच्या आत एकटाच हसतो. मग विटा थोड्या जवळ आणा.

ब्रेकचा सराव शेवटी, आणि तो पट्ट्यांसाठी. वीसच्या वेगाने या, सरळ, दोन्ही ब्रेक, पुढचा वाढवत न्यायचा. मग तीस. मग पाऊस पडून गेल्यावर ओल्या सिमेंटवर पुन्हा वीस. ज्या दिवशी हे जमेल त्या दिवशी कोरेगाव रस्त्याच्या त्या गतिरोधकावरून जा, एकट्या, सकाळी लवकर. पट्ट्यांच्या आधीच वेग कमी करा आणि पट्ट्यांवर ब्रेक सोडून द्या. बाकी तिथे काही करायचं नाही. थांबून बघायचंही नाही.

पडणार तर तुम्ही आहातच. मी अकरा वर्षांनी गाडी परत हातात घेतली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते आणि पहिल्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर, शून्य वेगात, रांगेत उभी असताना पडले. सांडलेल्या पेट्रोलवर पाय सरकला. तीन माणसं धावत आली आणि त्यातल्या एकाने अत्यंत काळजीने विचारलं, “मॅडम, साहेब कुठायत?” मी म्हटलं, ऑफिसात. त्याला ते पटलं नाही. तो बराच वेळ आजूबाजूला साहेब शोधत होता.

गाडी उचलायची रीत शिकून ठेवा, म्हणजे साहेब लागत नाहीत. आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवा, खाली बसा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांड्याला, आणि पाठ सरळ ठेवून छोटी छोटी पावलं टाकत मागे सरका. जोर मांड्यांनी लावायचा. कमरेत वाकून गाडी खेचायला जाल तर गाडी उठणार नाही, तुम्ही मात्र झोपाल, पंधरा दिवस.

आता साहेबांकडे.

माणूस चांगला आहे, शंका नाही. बायकोने मागे बसावं म्हणणारे पुष्कळ, बाजूने चालव म्हणणारे थोडे. पण न विचारता बुक केलेली गाडी ही भेट असली तरी तो निर्णय होता, आणि तो तुमच्या डोक्यावरून घेतला गेला. २००९ मध्ये “बास कर” हेही तुमच्यासाठी दुसऱ्याने ठरवलं होतं, आता “सुरू कर” हेही दुसराच ठरवतोय. हा आनंदाचा आहे म्हणून तुम्हाला बोलताही येत नाही, न्हाणीघरात जावं लागतं. ते रडणं गाडी पडल्याचं नव्हतं, असा माझा तर्क आहे.

त्यांना सांगा, चहा घेताना, भांडणाच्या सुरात नको: “मला चालवायचीय. पण गाडी मी निवडणार, आणि कधी कुठे जायचं ते मी सांगणार.” ते दुखावतील, दोन दिवस. टोकनचे पैसे अडकले तर अडकू देत, १९५ किलोखाली अडकलेल्या पायापेक्षा स्वस्त. क्लासिकवर तुमचाही जीव असेल तर सहा महिन्यांनी घ्या, तेव्हा तुमच्या तुम्हाला कळेल पेलते की नाही. कमी उंचीला खालची सीटही मिळते: त्याच कंपनीच्या मीटिअरची ७६५ मिलिमीटर आहे, बजाज अ‍ॅव्हेंजरची तर ७३७, आणि तिच्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकतील. कुठलीही घ्या, पण दोन्ही चाकांना एबीएस आहे का विचारून. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, पण बऱ्याच दीडशेच्या गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. आणि तुमचं घसरलं होतं मागचं.

सरावाच्या वेळी त्यांनी मागे बसायचं नाही, हे पक्कं. वजनासाठीही आणि आवाजासाठीही. मैदानाच्या कडेला बसावं, पाण्याची बाटली आणि विटा सांभाळाव्यात, विचारल्याशिवाय एक शब्द बोलू नये. नवरा-बायकोने एकमेकांना गाडी शिकवणं हा संसारातला सर्वांत धोकादायक प्रयोग आहे, पोहायला शिकवणं दुसरा. त्यांना खरोखर साथ द्यायची असेल तर काम वेगळं आहे. तुम्ही सकाळी साडेसहा ते साडेसात बाहेर असाल तेव्हा दूध, पाणी, सासूबाईंची गोळी आणि चहा त्यांनी बघावं. आल्यावर तुम्हाला घड्याळाकडे बघावं लागू नये. व्हीआरएस घेतलीय, वेळ आहे.

आणि ते ‘शेजारून चालवणं’ सिनेमात ठेवा. कुंभार्लीत शेजारी एसटी असते. दोघांनी निघालात की तुम्ही पुढे आणि ते मागे, बरंच अंतर ठेवून. नवखा माणूस मागे राहिला की पुढच्याला गाठायला आपल्या कुवतीबाहेर पळवतो. पुढे राहिला की वेग त्याचा राहतो.

दिवाळीचं गणपतीपुळं या खेपेला गाडी चालवत नको. दिवसात दोनशेच्या वर किलोमीटर, त्यात पाटण-कोयना सोडलं की घाट, ट्रक, आणि पावसाळ्यानंतर वळणांवर सांडलेली खडी. उतारावरच्या आवळ वळणात वेग वळणाच्या आधी कमी करावा लागतो, आत शिरून नाही, आणि चढताना जो गिअर लागेल तोच उतरतानाही ठेवावा लागतो. हे अंगवळणी पडायला अडीच महिने कमी आहेत. त्यांच्या मागे बसून जा, किंवा चारचाकीने. बाकीच्या तीन जोडप्यांना काय वाटेल याची काळजी त्यांनी करावी, तारीख त्यांनी दिली होती. तुमची पहिली फेरी संगम माहुलीपर्यंत. सपाट, जवळ, आणि कृष्णेकाठी पायऱ्यांवर बसायला जागा. मग हायवेची सवय व्हायला लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीपर्यंत. यवतेश्वरचा चढ त्यानंतर, कोरड्या दिवशी.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण इथे बायका हमखास फसतात. तुमचं लायसन्स १९९६ चं म्हणता, म्हणजे २०१६ मध्ये नूतनीकरण झालेलं असणार. जुन्या नियमाने त्याची मुदत पन्नाशीच्या वाढदिवसालाच संपते. काढून तारीख बघा, आणि त्यावर गिअरची मोटरसायकल लिहिलेली आहे ना, तेही. अ‍ॅक्टिव्हामुळे कधी गरज पडली नसेल. मुदत संपायच्या आधी वर्षभर अर्ज करता येतो. डॉक्टरांचा दाखला लागेल. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी.

गाडीच्या आरसीवर नाव तुमचं घाला. हे मी हक्काच्या भाषणासाठी सांगत नाहीये. विम्यात मालक-चालकाचं जे १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं ते मालकाला, लायसन्स असलेल्या मालकाला. गाडी त्यांच्या नावावर आणि पडलात तुम्ही, तर त्या पंधरा लाखांतला रुपया तुमच्यासाठी नाही.

हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआयचं, आणि दुकानात दहा मिनिटं डोक्यावर ठेवून मग घ्यायचं. कपाळाला टोचलं तर दुसरं. अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीतलं जुनं आणू नका. हातमोजे आधी घ्या, जॅकेट नंतर, कारण पडताना माणूस तळहात पुढे करतो. घोट्याच्या वर जाणारे बूट. ओढणी घरी. नव्या गाडीचे टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतात, त्यात वळणं जपून घ्या.

सासूबाईंना विचारायला जाऊ नका, पण सांगायला जा. शेजारणीकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू दे. त्या गप्प आहेत म्हणजे विरोध आहे, असं तुम्ही धरून चाललाय. सोळा वर्षांपूर्वी नात ऑपरेशन थिएटरच्या दाराआड होती तेव्हा घाबरलेल्या म्हातारीने चार शब्द काढले. त्यांना ते आठवतही नसतील, किंवा तुमच्याइतकेच टोचतही असतील. कुठलं ते तुम्ही सांगायला गेल्याशिवाय कळणार नाही.

तुमची,
ताई

ता. क.: गोठ्यातल्या आरएक्सबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. दादांना म्हणावं, भंगारवाल्याला हात लावू देऊ नका. १९९६ ला ती बनायची बंद झाली आणि जुन्या बाजारात तिला आज वेड्यासारखी किंमत येते. आरसी शोधा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते, ती केली नसेल तर दंड आणि पर्यावरण कर भरून करावी लागेल. टाकीत आतून गंज असणार, कार्बोरेटर उघडावा लागेल, टायर तर नक्कीच गेलेले. परत शिकायला ही गाडी नको, तिचे ब्रेक त्या काळचे आहेत. पण मिरजेत एखादा जुना मेकॅनिक गाठून ती सुरू करून ठेवा. आणि किक तुम्हीच मारा. साहेबांनी बुक केलेल्या त्या नव्या गाडीला किकच नाही.